‘टेन्शन घेऊ नका’च्या पुढे: ताणात शरीरात काय घडतं आणि नर्सने नेमकं काय करावं

वॉर्डात दिवसभर कानावर पडणारं वाक्य म्हणजे ‘टेन्शन घेऊ नका’. डॉक्टर राऊंडला म्हणतात, सिस्टर सुई टोचताना म्हणतात, डबा घेऊन आलेले पाहुणेही म्हणतात. मनापासून म्हणतात, यात शंका नाही. पण त्या वाक्याने नाडी खाली येत नाही, झोप लागत नाही आणि शुगरही उतरत नाही. उलट रुग्णाला वाटतं, आपण घाबरलो हीच आपली चूक झाली.

हा लेख नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्याने ड्युटीवर रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी आहे. घरी आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल. माझं म्हणणं थोडक्यात असं: ताण शरीरात घडतो, तो मोजता येतो, आणि रुग्णालयात त्याला दोन गोष्टी खतपाणी घालतात. एक, पुढे काय होणार हे ठाऊक नसणं. दुसरी, आपल्या हातात काहीच न उरणं. या दोन्हींवर काम करण्याची संधी डॉक्टरपेक्षा नर्सला जास्त मिळते, कारण चोवीस तास पलंगापाशी तीच असते.

शरीरात काय घडतं

समजा, पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी काका हर्नियाच्या ऑपरेशनसाठी जिल्हा रुग्णालयात भरती झालेत. ऑपरेशन उद्या सकाळी. संध्याकाळी सहा वाजता तुम्ही टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घेताय. नाडी ११२, श्वास मिनिटाला २४, बीपी १६६/९६. तळहात गार आणि ओले, ओठ सुकलेले. ‘सारखं लघवीला होतंय’ म्हणतात. मागच्या आठवड्यात ओपीडीत त्यांचं बीपी १३४/८२ होतं.

यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक यंत्रणा आहे. धोका जाणवला की मेंदूतल्या अमिग्डाला या भीती टिपणाऱ्या भागाकडून हायपोथॅलॅमस या नियंत्रण केंद्राला इशारा जातो आणि अनुकंपी (सिम्पथेटिक) मज्जासंस्था काही सेकंदांत कामाला लागते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं. हृदय जोरात धावतं. कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. लाळ आटते, म्हणून घशाला कोरड. आतड्यांचं काम मंदावतं, म्हणून जेवण नको वाटतं आणि पोटात गोळा येतो. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ‘लढा किंवा पळा’ अशी ही तयारी हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडली. काकांना मात्र लढायचं नाही की पळायचं नाही. त्यांना खाटेवर पडून राहायचं आहे. तयार झालेली सगळी ताकद खर्च व्हायला जागाच नाही.

दुसरी साखळी जरा सावकाश चालते. हायपोथॅलॅमसमधून निघालेला संदेश पिट्युटरी ग्रंथीला, तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला, आणि तिथून कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन. रक्तातलं कॉर्टिसोल ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी सर्वांत वर पोचतं. ही वेळ नर्सने लक्षात ठेवायलाच हवी. एखाद्याला वाईट बातमी मिळाली, तुम्ही समजूत घातली आणि पाच मिनिटांत पुन्हा बीपी घेतलं, तर ते उतरलेलं नसेल. म्हणून तुमचं बोलणं फुकट गेलं असं समजू नका. अर्ध्या-पाऊण तासाने परत या.

नेहमीच्या प्रसंगात कॉर्टिसोल स्वतःच वर मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देतं आणि साखळी थांबते. धोका संपल्यासारखा वाटतच नसेल तर ती चालू राहते. मग साखर चढी राहते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, प्रतिकारशक्ती दबते, झोप मोडते. माँट्रियलमध्ये काम करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाचे शरीरावरचे परिणाम दाखवले. इजा कुठलीही असो, उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजत, प्रतिकारशक्तीशी निगडित थायमस ग्रंथी आक्रसे आणि जठरात व्रण पडत. इशारा, प्रतिकार आणि थकवा असे तीन टप्पे त्यांनी सांगितले, आणि आजही ते नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवले जातात.

जखमेवर काय परिणाम होतो ते सर्जिकल वॉर्डातल्या प्रत्येकाने जाणून घ्यावं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या. सगळ्यांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. तेव्हा रुग्णाचा ताण हलका करणं हे ड्रेसिंगइतकंच जखमेचं काम आहे. फावल्या वेळातला चांगुलपणा म्हणून त्याकडे पाहू नका.

पायरी १: आधी नीट मोजा, आणि ‘घाबरलेत’ असं इतक्यात लिहू नका

काकांचं बीपी पुन्हा घ्या, पण पद्धतशीर. पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, कफ योग्य मापाचा, आणि मोजताना बोलणं बंद. त्याआधी लघवीला जाऊन येऊ द्या. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालाय का तेही विचारा. कितीतरी ‘वाढलेली’ बीपी इथेच उतरतात.

तरीही आकडे चढेच असतील तर मनाकडे वळण्याआधी शरीर तपासायचं. या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण वॉर्डातल्या सर्वांत घातक चुका इथे होतात. भीतीसारखीच दिसणारी पण भीती नसलेली दुखणी बरीच आहेत.

पहिला संशय साखरेचा. मधुमेही रुग्णाने सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि नंतर त्याला उपाशी ठेवलं, तर घाम, थरथर, धडधड, चिडचिड हे सगळं साखर ७० च्या खाली गेल्याचं लक्षण असू शकतं. ग्लुकोमीटरची पट्टी लावायला अर्धा मिनिट लागतं, मग ती लावा.

दुसरा, ऑक्सिजन. अस्वस्थपणा, खाटेवर उठून बसणं, मास्क ओढून काढणं ही ऑक्सिजन कमी पडत असल्याची अगदी सुरुवातीची खूण असते. बोटाला ऑक्सिमीटर लावा. अशा रुग्णाला ‘शांत करायचं इंजेक्शन’ मागण्याआधी ही खात्री झालीच पाहिजे.

तिसरा, हृदय. मधुमेही आणि वयस्क रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, हार्ट अटॅक छातीत न दुखता येऊ शकतो. ‘सिस्टर, जीव घाबरतोय’ आणि दरदरून घाम, एवढंच. आजी घाबरट आहेत असा शेरा मारून पुढे जाऊ नका. ईसीजी काढून घ्या.

ऑपरेशननंतर नाडी चढत चालली असेल तर आत रक्तस्राव होतोय का हे पाहायचं. तरुण रुग्णात बीपी पडण्याच्या बरंच आधी नाडी वाढते. आणि कमरेतून भूल दिलेला रुग्ण संध्याकाळी तळमळत असेल, बीपी वाढलं असेल, तर ओटीपोटावर हात ठेवून बघा. मूत्राशय टम्म भरलेलं असतं आणि भुलीमुळे त्याला लघवीची जाणीवच नसते. लघवी मोकळी झाली की ‘टेन्शन’ जातं.

दारूचा प्रश्न वेगळा आणि फार महत्त्वाचा. रोज पिणाऱ्या माणसाची दारू भरती होताच बंद होते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात कापायला लागतात, घाम येतो, झोप उडते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, भास, झटके, जिवाला धोका. ‘पिता का?’ असं विचारलं तर बायको-मुलांसमोर उत्तर ‘नाही’ येतं. पडदा ओढा, नातेवाइकांना चहाला पाठवा आणि ‘शेवटची कधी घेतली होती?’ असं सरळ, आवाजात न्यायाधीश न आणता विचारा. तंबाखू आणि मिश्रीचंही तसंच. बायकांना मिश्रीचं कुणी विचारतच नाही आणि त्यांची चिडचिड स्वभावावर ढकलली जाते.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती आवरणारी गोळी चालू असेल तर माणूस आतून हादरलेला असूनही नाडी ७२ दाखवेल. औषधांची यादी बघितल्याशिवाय नाडीवर विसंबू नका.

पायरी २: भीती किती आहे ते ओळखा

शारीरिक कारण नाही याची खात्री झाली, आता मन. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन नर्सने १९५० च्या दशकात नर्स-रुग्ण नात्याचा सिद्धांत मांडला आणि चिंतेच्या चार पातळ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि घबराटीची पराकोटी. कुठल्या पातळीवर किती बोलायचं हे यावरून ठरतं.

सौम्य चिंतेत माणूस उलट जास्त नीट ऐकतो, प्रश्न विचारतो. शिकवायचं ते तेव्हाच शिकवा. मध्यम पातळीवर समोरच्या एकाच गोष्टीवर लक्ष टिकतं, बाकी निसटतं. म्हणून एका वेळी एकच मुद्दा सांगायचा आणि ‘काका, मी काय म्हटलं ते मला परत सांगा बरं’ असं विचारून घ्यायचं. तीव्र पातळीवर माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. तो ‘ऐकत नाही’ असं नाही, त्याच्या डोक्यात नवीन काही शिरतच नाही. अशा वेळी संमतीपत्र पुढे करू नका. सही मिळेल, पण समजून दिलेली नसेल.

पराकोटीच्या घबराटीत एकच नियम, एकटं सोडायचं नाही. भोवतीची गर्दी हटवा, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा आणि अगदी छोटी वाक्यं बोला. ‘मी इथेच आहे.’ ‘हे थोड्या वेळात उतरेल.’ ‘माझ्याबरोबर श्वास सोडा.’ भरभर श्वासामुळे ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होतात. लकवा मारला असं वाटून माणूस आणखी घाबरतो, म्हणून मुंग्या श्वासामुळे आल्यात हे त्याला तेव्हाच सांगा. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका. दुखणं हृदयाचं किंवा फुप्फुसाचं निघालं तर तो जिवावर बेतू शकतो.

पायरी ३: नेमकं काय खुपतंय ते विचारा

‘काही टेन्शन आहे का?’ याला उत्तर ‘नाही’ येतं. ‘रात्री डोळे मिटले की कसला विचार येतो?’ याला उत्तर मिळतं. स्टूल ओढून बसा. उभं राहून, हातात ट्रे धरून विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. विचारल्यावर थांबा. ती शांतता भरून काढायची घाई आपल्यालाच जास्त असते.

आपल्या काकांना ऑपरेशनची भीती असेल असं आपण धरून चालतो. ते कदाचित म्हणतील, ‘सोयाबीन काढणीला आलंय, पाऊस लागला तर वर्ष गेलं.’ किंवा, ‘आमच्या गावातल्या एकाला भूल दिली, तो उठलाच नाही.’ पहिल्याला भुलीची माहिती देऊन काय उपयोग?

रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार इथे कामाला येतो. प्रसंग आला की माणूस मनाशी दोन हिशेब करतो. यात माझं काय जाणार आहे, आणि याला तोंड द्यायला माझ्यापाशी काय आहे? दुसरा हिशेब तोट्यात गेला की ताण चढतो. त्यानुसार आधारही दोन तऱ्हांचा. प्रश्न सुटण्यासारखा असेल तर तो सोडवायला मदत करा. सुटण्यासारखा नसेल, उदाहरणार्थ कॅन्सरचा रिपोर्ट, तर उपाय सुचवत बसू नका. त्या माणसाच्या दुःखापाशी थोडा वेळ थांबा.

सुटण्यासारख्या प्रश्नांत पैसा सगळ्यांत वरचा. रुग्ण तो बोलून दाखवत नाही, औषधाची चिठ्ठी उशाखाली ठेवून देतो. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे पाठवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात योजनेसाठी मदत करणारे आरोग्यमित्र बसतात. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव ठेवाव्या लागतात, हे अनेक रुग्णांना माहीतच नसतं. हे सांगणं माझं काम नाही असं म्हणू नका. उद्याच्या औषधाची सोय झाली की त्याच रात्री झोप लागते.

पायरी ४: पुढे काय होणार ते सांगा, आणि ते अंगाला कसं लागेल तेही सांगा

संपूर्ण लेखातली एकच पायरी करायची ठरवली तर ही करा.

आपण रुग्णाला प्रक्रिया सांगतो: ‘उद्या नऊला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेणार, कमरेत इंजेक्शन देणार, ऑपरेशन होणार.’ माणसाच्या मनात मात्र प्रश्न असतो, मला काय जाणवेल? जीन जॉन्सन या अमेरिकन नर्स-संशोधकांनी १९७० च्या दशकात नेमका यावर अभ्यास केला. एका प्रयोगात प्लास्टर काढायच्या आधी मुलांना टेप ऐकवली. करवतीचा आवाज, अंगाला जाणवणारी थरथर आणि ऊब, खाली दिसणारी कोरडी कातडी, हे सगळं तिच्यात होतं. ज्या मुलांना काय जाणवेल ते आधी कळलं होतं, ती प्रत्यक्षात कमी घाबरली.

काकांना असं सांगता येईल:

‘काका, सकाळी हिरवा गाऊन देतील. ओटीत एसी असतो, थंडी वाजेल, मागितलंत तर पांघरूण देतील. दिवे डोळ्यावर येतील. भूलतज्ज्ञ तुम्हाला बसवून पाठ वाकवायला सांगतील. कमरेत मुंगी चावल्यासारखं होईल, मग दाब जाणवेल. थोड्या वेळात पाय गरम, मग जड, मग बधिर होतील. पाय हलणार नाहीत, तेव्हा घाबरू नका, औषध लागू झालंय एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही जागे असाल. ओढल्यासारखं कळेल, दुखलं तर लगेच सांगा. ऑपरेशननंतर काही तास पाय तसेच राहतील, मग अंगठ्यापासून हालचाल सुरू होईल.’

भुलीत जाग न येण्याच्या भीतीने झोप उडालेल्या माणसाला ‘तुम्ही जागे असाल’ हे तीन शब्द आधी कुणीच सांगितलेले नसतात. भूल कुठली हे मात्र केसपेपर बघून आणि भूलतज्ज्ञांना विचारूनच सांगा. पूर्ण भूल असेल तर जागं झाल्यावर घसा खवखवेल, तोंड कोरडं पडेल, वेळेचं भान नसेल, हे सांगायचं.

दोन पथ्यं पाळा. ‘काहीच दुखणार नाही’ असं खोटं वचन देऊ नका, पहिल्याच कळेला तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो. आणि ‘थोड्या वेळाने’, ‘बघू’ हे शब्द टाळा. ‘डॉक्टर येतील’ यापेक्षा ‘डॉक्टर साडेअकरापर्यंत येतील, नाही आले तर मी स्वतः येऊन सांगेन’ हे बोला. आणि साडेअकराला खरंच जा, सांगण्यासारखं काही नसलं तरी जा.

पायरी ५: छोट्या गोष्टी त्यांच्या हातात द्या

भरती झालेल्या माणसाचे कपडे, जेवण, झोप, संडासची वेळ, सगळं दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणून निवड द्या. सलाईन डाव्या हाताला लावू की उजव्या? स्पंज आत्ता की चहानंतर? ड्रेसिंग करताना दुखलं तर हात वर करा, मी थांबेन. आणि मग खरोखर थांबा. रुग्णाला बेल, पाणी, चष्मा, मोबाईल हाताशी आहे ना ते बघा. चष्मा आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवलेल्या आजोबांचा रात्रीचा गोंधळ निम्मा तिथूनच सुरू होतो.

प्रत्येकाची धीर धरायची स्वतःची रीत असते, ती मोडू नका. कुणी पोथी वाचतं, कुणी हरिपाठ लावतं, कुणी दुआ मागतं, कुणी आईशी फोनवर अर्धा तास भांडतं. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये नोंदवलं की जपमाळेवरची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला ६ च्या आसपास येते आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम होतो. जपमाळ घेऊन बसलेल्या आजींना तुम्ही वेगळा श्वासाचा व्यायाम शिकवायची गरज नाही.

पायरी ६: श्वास, स्नायू, झोप

श्वासाचं तंत्र सोपं आहे. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सावकाश सोडा. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, कारण श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती उतरते. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढंच म्हटलं की घाबरलेला माणूस आणखी जोरजोरात श्वास ओढतो, म्हणून सूचना नेहमी सोडण्याची द्या आणि शेजारी बसून स्वतः करा. पोटाचं ऑपरेशन झालेल्याला उशी पोटाशी धरायला सांगा. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला धाप लागलेली असताना अंक मोजायला लावू नका. त्याला ओठ शिट्टीसारखे करून श्वास सोडू द्या.

स्नायू आवळून सैल सोडण्याचं तंत्र पायापासून वर न्यायचं. पाच सेकंद घट्ट, मग दहा-पंधरा सेकंद सैल. टाके असलेला भाग वगळायचा.

झोपेचं बहुतेक आपल्याच हातात असतं. रात्रीची औषधं, बीपी आणि कूस बदलणं शक्य तिथे एकाच फेरीत उरका. वॉर्डाचे मोठे दिवे लवकर मालवा. ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक दुरुस्तीला पाठवा. पहाटे चारला स्पंज करायची पद्धत फक्त शिफ्टच्या सोयीसाठी असेल तर इन्चार्ज सिस्टरांशी बोला.

पायरी ७: दाराबाहेरचे नातेवाईक

आयसीयूबाहेर चटईवर बसलेल्या बायकोच्या अंगात तीच साखळी चालू असते, फक्त तिचं बीपी कुणी मोजत नाही. आवाज चढवणारा मुलगाही बऱ्याचदा घाबरलेलाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं एक सोपं सूत्र दिलं: पाहा, ऐका, जोडा. कोण फार हादरलंय ते पाहा, त्याचं ऐका, आणि ज्याची गरज आहे त्याच्याशी गाठ घालून द्या, मग ते डॉक्टर असोत, समाजसेवा अधीक्षक असोत की गावाकडचा भाऊ.

घरातल्या एकाच माणसाला निरोप द्यायचं ठरवा आणि माहितीची वेळ बांधून द्या. पहिल्यांदा आत नेण्याआधी दारातच सांगा: ‘ताई, नाकातोंडात नळ्या दिसतील, मशीन आवाज करेल, हात बांधल्यासारखे वाटतील, ते नळ्या ओढू नयेत म्हणून. त्यांना बोलता येणार नाही, पण तुम्ही हात धरा, नाव घेऊन बोला.’ हे न सांगता आत सोडलेली माणसं भोवळ येऊन पडतात. त्यांना औषध घेतलंत का, जेवलात का हेही विचारा. नवरा आत असताना स्वतःची शुगरची गोळी विसरलेल्या बायका प्रत्येक आयसीयूबाहेर भेटतात.

पायरी ८: आपल्या आवाक्याबाहेर कधी ते ओळखा

दोन आठवडे टिकलेली उदासी, अन्नावरची वासना जाणं, अपघातानंतर सारखं दचकणं, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ अशी वाक्यं, यावर गप्पांनी भागत नाही. चिंता किती आहे ते मोजणारी जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी पाच मिनिटांत होते. गुण ० ते २१ मध्ये मिळतात, आणि १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना कळवून मानसोपचार विभागाचं मत मागवा.

जीव द्यायचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर हो आलं तर रुग्णाला एकटं ठेवू नका, ब्लेड, औषधांच्या पट्ट्या, ओढणी-दोऱ्या हाताशी ठेवू नका, आणि त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा. ग्रामीण भागात कीटकनाशक पिऊन आलेला रुग्ण शुद्धीवर आला की पोलिसांच्या भीतीने अर्धमेला होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की वेगळं सिद्ध झालं नाही तर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जाईल आणि त्याला शिक्षा होणार नाही. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद होईल, जबाब होईल, पण तो गुन्हेगार नाही. हे त्याला आणि त्याच्या आईला तुमच्या तोंडून ऐकू द्या. आणि ‘असं करायचं असतं का?’ हा प्रश्न वॉर्डात कुणालाही विचारू देऊ नका, वॉर्डात काम करणाऱ्या मामा-मावशींनाही नाही.

पायरी ९: पुन्हा मोजा आणि लिहा

‘रुग्णाला धीर दिला’ ही नोंद निरुपयोगी आहे. ती वाचून नाईटच्या सिस्टरला काही कळत नाही. काकांची नोंद अशी हवी:

‘सायं. ६: नाडी ११२, श्वास २४, बीपी १६६/९६, शुगर १२८, ऑक्सिजन ९८ टक्के, वेदना नाहीत. मद्यपान नाही, तंबाखू आहे. भुलीतून जाग न येण्याची भीती. कमरेच्या भुलीबद्दल माहिती दिली, रुग्णाने परत सांगितली. श्वासाचा सराव ५ मिनिटं. सायं. ७: नाडी ८८, श्वास १८, बीपी १४२/८६. डॉक्टरांना कळवलं. पत्नीने रात्री थांबावं अशी इच्छा, परवानगी दिली.’

अशी नोंद असली की पुढची नर्स शून्यापासून सुरू करत नाही. आकडे उतरले नसते तर पायरी १ वर परत जायचं आणि रात्रीच डॉक्टरांना बोलवायचं.

आणि नर्स स्वतः

सलग नाईट, एकीच्या अंगावर तीस-चाळीस रुग्ण, वर नातेवाइकांची ओरड, यात तुमचंही कॉर्टिसोल वरच असतं. श्वासाच्या व्यायामाने मनुष्यबळाची कमतरता भरून निघत नाही, आणि जो तसं सुचवतो त्याला ते स्पष्ट सांगा. रिकाम्या जागा, ड्युटीची आखणी, सुरक्षारक्षक यासाठी लेखी मागणी करणं हासुद्धा ताणाला तोंड देण्याचाच भाग आहे.

ड्युटीत एखादा मृत्यू झाला तर हँडओव्हरनंतर सगळ्यांनी दहा मिनिटं बसून त्यावर बोला, विशेषतः नवीन मुली असतील तर. नाईटच्या आधी दुपारी झोपा, ड्युटीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळा, आणि घरी जाताना डोळ्यांवर ऊन कमी येईल असं बघा, म्हणजे सकाळची झोप लागते. महिनाभर झोप नाही, ड्युटीला निघताना रडू येतं, रुग्णाचा रागच येतो, असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक डिस्चार्जच्या कागदावर रुग्णाला लिहून द्या, आणि स्वतःच्या मोबाईलमध्येही घालून ठेवा.